वाघाच्या पाठीमागं

लक्ष्मीपुरीत, धान्याच्या दुकानांवर,
जिना चढताना मिरचीचा ठसका लागतो तिथं
माझी मशीन. बारा सुयांची.
हप्ते अजून सात.

वाघजाई तालमीच्या पोरांनी जर्सी आणून टाकल्या,
अकरा, वर चार राखीव.
छातीवर डावीकडं वाघाचं तोंड पाहिजे,
"समोरच्या टीमची पाचावर धारण बसाय पाहिजे, वैनी!"
मी डिझाइन चढवलं, रिंग आवळली,
कापड ओढून ओढून हलगीगत कडक केलं,
बोटानं वाजवून बघितलं
आणि चहा ठेवायला गेले.

रिंगेत वाघ झक्क होता.
रिंग सोडली
तसं कापड आपल्या मूळ मापाला परत निघालं.
टाके काही निघेनात.
दोघांच्या ओढाताणीत वाघच आखडला,
गालफड आत, मिशा एका अंगाला,
दाढ ठणकणाऱ्या माणसागत.
भोवतीनं चुण्याच चुण्या,
धुणं धुऊन उठलेल्या बोटांसारख्या.

इस्त्री फिरवली.
आधी वाफेची, मग कोरडी, मग रागाची.
इस्त्रीखाली चुणी निमूट झोपायची,
उचलली की उठून बसायची.

शेजारच्या गाळ्यातनं मुजावरचाचा आले,
चाळीस वर्षं जरीत गेलेली बोटं,
तोंडात पान, त्यामुळं बोलणं मोजकं.
मी वाघ पुढं केला.
"त्वांड नगं. पाठ दाव."

पाठीवर एकच कागद, फाडून काढायचा,
दोन रुपये वाचवून लावलेला.
सुईनं भोकं पाडून पाडून
त्याची आधीच चाळण झालेली.
"बारा हजार टाकं, आन् त्याखाली ह्यो पापड?
ताणणाऱ्या कापडाला कापायचा कागद लागतो, बाई.
जर्सी फाटंस्तवर मागं राहणारा.
आन् रिंगंत ताणायचा तो कागद.
कापड त्याच्यावर नुसतं निजवायचं."

नुसतं निजवायचं.
चाचा पिंक टाकायला जिन्याकडं गेले
आणि मी तशीच उभी.
पोरीची दहावी, घरातला गॅस,
माहेरी फोनवर "सगळं बरं आहे" म्हणतानाचा आवाज,
मी आजवर काय काय वाजेपर्यंत ताणलं
ते आठवत बसायला वेळ नव्हता.
शनिवारी मॅच होती.

दोन जर्सी अंगावर पडल्या.
उसवलेल्या भोकांतनं उजेड दिसायचा.
त्यातली एक अजून घालते मी, मशीनला तेल देताना.
बाकीच्यांना जाड कागद, दोन पदरी, आडवा-उभा,
फवारा मारून त्यावर कापड ठेवलं,
झोपलेल्या बाळावर दुपटं टाकावं तसं, हात न लावता.
वरनं पाण्यात विरणारा पातळ पापुद्रा,
टाके जाळीत बुडू नयेत म्हणून.
वाघ झाल्यावर ओल्या फडक्यानं तो पुसला.
गेला बिचारा, नाव न सांगता.

रविवारी सातवेकरांचा धैर्यशील आला,
गुडघा सोललेला, आवाज बसलेला,
जर्सी एकदा घामानं आणि एकदा साबणानं धुतलेली.
वाघ सपाट. जबडा सरळ.
"वैनी, वाघ लई भारी. तीन-एकनं मारली.
पर आतनं छातीला कायतरी टोचतंय."

मी जर्सी उलटी केली.
कागदाचे कोपरे कात्रीनं गोल केले,
टाक्यांपासनं बोटभर जागा सोडून.
त्याच्या आत कात्री नेववेना.
"सगळाच काढून टाका की," तो म्हणाला.

"टोचू दे थोडं," मी म्हटलं,
"दोन धुण्यांत मऊ पडंल.
काढला, तर परत त्याची दाढ दुखाय लागंल."